दिव्यांची झापडं

बाजाराच्या मागच्या बोळात पत्रेकामाचं दुकान असलेल्या मिस्त्रीला लोक पाठीमागे 'कात्री' म्हणायचे. पत्रा कापतो म्हणून, की जीभ चालते म्हणून, यावर बाजारात दोन मतं होती. त्याला विचारलं असतं तर त्याने दोन्ही मतांच्या लोकांना बिनडोक ठरवून टाकलं असतं. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळा, गुडघे कुरकुरणारे, आणि नजर अशी की दाराची चौकट दोन सुतांनी तिरकी असली तर त्याला त्या घरात चहा गोड लागायचा नाही. माणसांनाही तो तसंच जोखायचा. गावातली बहुतेक माणसं त्याच्या हिशेबी तिरकीच बसवलेली होती.

त्याची थोरली बहीण त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, दोन गल्ल्या सोडून एका घराच्या वरच्या मजल्यावर एकटी राहायची. वरची गच्ची तिची. त्या गच्चीवरून ती एकोणीस वर्षं एकाच ताऱ्यावर लक्ष ठेवून होती. काही तारे वर्षभरात हळूहळू मंदावतात आणि पुन्हा उजळतात, हा त्यातला. दर दोन-तीन रात्रींनी दुर्बीण लावायची, शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी त्याचं तेज ताडून बघायचं, आकडा मांडायचा आणि महिन्याअखेरी वेधशाळेला पाठवायचा. याचं तिला कोणी काही देत नव्हतं, आणि हे सांगितल्यावर लोक तिच्याकडे जसं बघायचे तसं बघणं तिने केव्हाच मनावर घ्यायचं सोडलं होतं.

चार वर्षांपूर्वी पालिकेने गल्लीतले जुने पिवळे दिवे काढून नवे पांढरे बसवले. प्रत्येक दिवा खांबावर आडवा बसवायच्या ऐवजी नाक वर केल्यासारखा तिरका ठोकला होता. त्यामुळे उजेड रस्त्यावर पडण्याआधी लोकांच्या खिडक्यांत शिरायचा आणि उरलेला सरळ आभाळात जायचा. एक दिवा तर ताईच्या गच्चीच्या कठड्याला अगदी समोरासमोर. त्यानंतर तिच्या तुलनेच्या ताऱ्यांपैकी सगळ्यात मंद तीन तारे एकेक करून दिसेनासे झाले. ते गेले म्हणजे तिचा तारा मंद असतानाचे चार महिने तिला काही मांडता येईना.

ती आधी भावाकडेच गेली होती. दिव्याला आडोसा होईल असं काहीतरी कर म्हणाली. त्याने हातातलं काम न सोडता सांगितलं होतं, की आभाळाकडे बघून कुणाचं छप्पर गळायचं थांबलेलं त्याने अजून पाहिलं नाही. ताई पाच मिनिटं बसली, पाणी प्यायली आणि गेली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

मग ती आकाशप्रेमी मंडळात गेली. या मंडळाबद्दल कात्रीला बोलायला लावलं की दुकानातलं गिऱ्हाईक तासभर हलत नसे. मंडळात तेवीस सभासद होते आणि त्याच्या मते तेवीस जणांत मिळून एक पेचकस धरता येणारा माणूस नव्हता. दर महिन्याला बैठक व्हायची ती सोळा ट्यूबलाइटच्या सभागृहात. घोषणा 'अंधार वाचवा' असावी की 'आकाश वाचवा', यावर त्यांनी दोन बैठका घालवल्या होत्या. पालिकेला अर्ज मात्र नेमाने जायचे आणि पालिका ते नेमाने ठेवून घ्यायची. अध्यक्ष एक निवृत्त विमा अधिकारी होते. आवाज भारदस्त, आणि त्या आवाजाला काम मिळावं म्हणून त्यांना सतत काहीतरी बोलावं लागायचं.

हे अध्यक्ष एकदा दुकानात आले. मंडळाचा फलक उभा करायला त्यांना पत्र्याची चौकट हवी होती. घोषणा रात्रीही वाचता यावी म्हणून खाली दोन दिवे बसवायला जागा ठेवा, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. कात्रीने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. मग त्याने सहज विचारल्यासारखं केलं, की दिव्यांना नुसता आडोसा केला तर भागणार नाही का. अध्यक्ष मोठेपणाने हसले. त्यामागे फार मोठं शास्त्र आहे, म्हणाले. प्रकाशाचे कोन, परावर्तन. बाहेरच्या देशांत त्यासाठी स्वतंत्र कारखाने आहेत. आपल्या पातळीवर, म्हणजे इथल्या कारागिरांच्या पातळीवर, ते होण्यासारखं नाही.

'इथल्या कारागिरांच्या पातळीवर' हे शब्द कात्रीच्या डोक्यात खिळ्यासारखे बसले. अध्यक्ष गेल्यावर त्याने दुकान अर्धं ओढलं आणि ताईच्या घरासमोरच्या खांबाखाली जाऊन उभा राहिला. पाच मिनिटं दिव्याकडे बघितलं. परत येऊन जस्ती पत्र्याचा तुकडा कापला, तीन बाजू दुमडल्या, काठ मुडपले आणि आतून बिनचमकीचा काळा रंग मारला. घोड्याच्या डोळ्यांना झापड लावतात तसलंच ते झालं: घराच्या बाजूला बंद, रस्त्याच्या बाजूला उघडं. चाळीस मिनिटांचं काम. रंग वाळेपर्यंत त्याने अध्यक्षांच्या सात पिढ्यांतल्या कारागिरीचा विचार केला आणि त्याला काही आठवलं नाही. दुपारी चार वाजता शिडी लावून त्याने ते दिव्याला दोन बोल्टांनी बसवलं. हात लावलाच आहे तर म्हणून दिवाही आडवा करून टाकला.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आली. म्हणाली, एक परत दिसला. कात्रीने विचारलं, काय दिसलं. ती म्हणाली, तारा, तिघांपैकी एक. कात्रीला बरं वाटलं होतं, पण ते तोंडावर येऊ नये म्हणून तो समोरच्या रिव्हेटना शिव्या घालत बसला.

बातमी मंडळात पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी अकरा सभासद काळे टी-शर्ट घालून खांबाखाली हजर. त्यांनी झापडाचे फोटो काढले, खांबाचे काढले, एकमेकांचे काढले. अध्यक्षांनी 'आमचा प्रायोगिक प्रकल्प' असं म्हणून एका बातमीदाराला मुलाखत दिली. कात्री पलीकडच्या कट्ट्यावर बसून हे सगळं बघत होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर द्यायचं हे त्याने ठरवून ठेवलेलं होतं, ते वाया गेलं याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

बातमी छापून आली ती पालिकेच्या दिवाबत्ती विभागाच्या साहेबांनी वाचली. त्यांना गावात दिवेसाहेब म्हणत. एकवीस वर्षांच्या नोकरीत दिवेसाहेबांनी एकही दिवा स्वतः बदललेला नव्हता, पण पालिकेची मालमत्ता म्हणजे काय हे त्यांना पाठ होतं. दोन माणसं आली आणि झापड काढून घेऊन गेली. दिवा पुन्हा पहिल्यासारखा तिरका करायला ती विसरली नाहीत. जाताना कात्रीच्या दुकानात नोटीस टाकून गेली. अध्यक्षांनी नोटीस वाचली आणि सांगितलं, की मंडळ कायद्याच्या चौकटीतच काम करतं, मिस्त्रींनी जे केलं ते वैयक्तिक पातळीवर केलं.

त्यानंतर काय चक्र फिरलं कोण जाणे. कुठल्याशा शहरात रात्रीच्या आभाळासाठी पर्यटक येतात असं कुणीतरी वरिष्ठांच्या कानात घातलं असावं. सहा महिन्यांनी पालिकेने ताईच्या गल्लीला 'नभस्नेही मार्ग' म्हणून जाहीर केलं. बावीसच्या बावीस दिव्यांना झापडं बसणार होती. नमुना म्हणून कार्यालयात जप्त करून ठेवलेलं कात्रीचंच झापड समोर ठेवून आराखडा काढला गेला. आराखडा काढणाऱ्याने ते टेबलावर जसं पडलं होतं तसं उतरवून काढलं. आतला काळा रंग त्याला धूळ वाटली असावी. ठेकेदाराने आराखड्याबरहुकूम चकचकीत पत्र्याची झापडं करून आणली आणि त्याच्या माणसांनी ती एका दुपारीत बसवून टाकली. उघडी बाजू घरांकडे. बंद बाजू रस्त्याकडे.

त्या संध्याकाळी दिवे लागले आणि रस्ता गडप झाला. समोरच्या दवाखान्यातली परिचारिका कामावरून परतताना गटाराच्या झाकणात पाय अडकून पडली, तिचा घोटा सुजला. गच्च्या मात्र लग्नाच्या मांडवासारख्या उजळल्या. चकचकीत पत्र्यावरून आदळून उजेड दुपटीने वर जात होता. ताईला आता तिचा तारा सोडाच, त्याच्या आजूबाजूचं काहीही दिसेना. गल्लीतले लोक म्हणू लागले, या तारेवाल्यांच्या खुळापायी आमचे पाय मोडायची वेळ आली. दूधवाल्याने ताईला तोंडावर तसं ऐकवलं. चार वर्षांत नव्हता एवढा राग लोकांना आभाळाचा आला.

ताई अध्यक्षांकडे गेली. झापडं उलटी बसली आहेत, फिरवून घ्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. अध्यक्षांनी तिला बसवलं आणि समजावलं. साहेब मोठ्या मुश्किलीने आपल्या बाजूला आले आहेत. रविवारी त्यांचा सत्कार आहे, मानचिन्ह तयार झालंय. अशा वेळी उलट-सुलट काढत बसलं तर त्यांना काय वाटेल. शिवाय, ते म्हणाले, झापडं बसली ही तत्त्वाची गोष्ट झाली.

हे ताईने दुकानात येऊन सांगितलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. कात्री ऐकत होता. उजेड कुठे जातोय हे या माणसांनी एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं, याचं त्याला नवल वाटलं नाही. पत्र्याचा काठ न मुडपता तसाच धारदार सोडलेला त्याने खालूनच पाहिला होता आणि तेव्हापासून त्याचं डोकं भणाणलेलं होतं. एवढी बेअक्कल कामं करून माणसं रात्री झोपतात कशी, हे त्याला खरंच कळत नसे.

"शिडी कोण धरेल?" त्याने विचारलं.

"मी धरीन," ताई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता, भर उजेडात, त्यांनी गल्लीच्या टोकापासून सुरुवात केली. चोरून करायची त्याची तयारी नव्हती. चोरून केलं की काम घाईत होतं. बोल्ट फिरवायचे दोन पाने, रंगाचा डबा, एक ब्रश आणि कानस एवढं सामान. प्रत्येक खांबाला तो चढायचा, बोल्ट ढिले करायचा, झापड फिरवायचा, काठ घासायचा, आतून काळा रंग फासायचा, दिवा आडवा करायचा आणि उतरायचा. चौसष्ट वर्षांची ताई खाली शिडीला दोन्ही हातांनी धरून उभी. वर तो ठेकेदाराच्या माणसांचा उद्धार करायचा. पहिल्या खांबावर ती गाढवं होती. पाचव्या खांबापर्यंत प्राण्यांची नावं संपली. आठव्या खांबावर तो दिवेसाहेबांवर आला, दहाव्यावर अध्यक्षांवर.

अकराव्या खांबापाशी ताई खालून म्हणाली, "धाकट्या, एक सांगू?"

"सांग."

"तुझं सगळं खरं आहे. मूर्खच आहेत ते. पण चार वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे आले होते. तेव्हा तू पत्रा बाजूलासुद्धा ठेवला नाहीस. पुढे झापड केलंस तेही माझ्यासाठी नाही. अध्यक्ष काहीतरी बोलले, ते तुला लागलं, म्हणून केलंस."

कात्रीने वर ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

"त्या येड्यांनी अर्ज तरी केले," ती म्हणाली. "मी त्यांच्यात बसून घोषणा ऐकल्या, चहा प्यायले, का तर दुसरं कोणी नव्हतं. तुला आजवर एकदा तरी वाटलं, ताई बघते तरी काय ते जाऊन बघावं? दोन गल्ल्या आहेत मधे. ते मान वर करत नाहीत म्हणतोस. तू तरी कुठे केलीस?"

ब्रशातला रंग त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्याला एक उत्तर सुचलं, ते चांगलं तिखट होतं. दुसरं सुचलं. ताई खाली मान करून शिडीच्या पायाकडे बघत होती. तिच्या हातांच्या शिरा शिडी धरून फुगल्या होत्या. त्याने दोन्ही उत्तरं गिळली, बोल्ट आवळला आणि खाली आला. बाराव्या खांबापाशी त्याने स्वतः शिडी लावली आणि तिला म्हणाला, जरा बस, हा खांब छोटा आहे. खांब बाकीच्यांएवढाच होता. ती बसली नाही.

चौदाव्या खांबावर असताना पालिकेची जीप येऊन थांबली. दिवेसाहेब उतरले. मागे गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. सुजलेल्या घोट्याची परिचारिकाही दारात खुर्ची टाकून बसली होती. दिवेसाहेबांनी पालिकेची मालमत्ता, पूर्वीची नोटीस वगैरे सगळं एका दमात म्हणून टाकलं आणि झापडं होती तशी करा, असा हुकूम सोडला.

कात्री शिडीवरून उतरला, हात पुसले आणि नम्रपणे विचारलं, "करतो साहेब. फक्त दाखवा, होती तशी म्हणजे कशी?"

दिवेसाहेबांनी फिरवलेल्या झापडाकडे पाहिलं. मग पुढच्या, अजून न फिरवलेल्या झापडाकडे पाहिलं. दिवे बंद असताना यातलं कोणतं बरोबर, हे नुसतं बघून त्यांना कळेना. त्यांनी जीपमधून आराखडा मागवला, उलगडला, आधी एका बाजूने धरला, मग दुसऱ्या. आराखड्यात रस्ता कुठे आणि घर कुठे हे कोणी लिहिलेलंच नव्हतं. बराच वेळ झाला. शेवटी साहेबांनी आराखड्याची घडी घातली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "यातलं बरोबर कोणतं?"

कात्रीच्या आयुष्यात असे क्षण फार आले नव्हते. एरवी त्याने त्याचं सोनं केलं असतं. त्याने ताईकडे पाहिलं.

"हिला विचारा," तो म्हणाला. "रोज वर ही बघते."

ताईने साहेबांना शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावलं: हे घर, हा रस्ता, हा दिवा, उजेड इकडे हवा, तिकडे नको. साहेब मान डोलवत राहिले. मग त्यांनी कागद मागवला आणि त्यावर 'विभागामार्फत देखभाल व दुरुस्ती' असं लिहून, त्याखाली स्वतःची सही करून, ते निघून गेले. परिचारिका खुर्चीतून म्हणाली, आता संध्याकाळी माझा दुसरा घोटा शाबूत ठेवा म्हणजे झालं. संध्याकाळी पाचला बाविसावा दिवा झाला.

दिवे लागल्यावर रस्ता स्वच्छ दिसला आणि खिडक्या काळ्या झाल्या. दूधवाल्याने दुसऱ्या सकाळी ताईला काही ऐकवलं नाही. चांगलंही काही बोलला नाही.

रविवारचा सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. दिवेसाहेबांनी भाषणात कोनांचा आणि परावर्तनाचा उल्लेख केला. अध्यक्षांनी मंडळाच्या दीर्घ लढ्याला यश आलं असं सांगितलं आणि उपस्थितांपैकी बऱ्याच जणांचे डोळे पाणावले. शेवटी बाहेर येऊन, सभागृहाच्या पायऱ्यांवर सोळा ट्यूबलाइटच्या उजेडात, सर्वांनी आभाळाकडे बघत फोटो काढला. हे कात्रीला दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडून कळलं, कारण तो तिथे नव्हता. आभाळ निरभ्र होतं म्हणून ताई सत्काराला गेली नव्हती, आणि तो जेवण उरकून तिच्या गच्चीवर गेला होता.

ताईने त्याला कठड्यापाशी खुर्ची दिली आणि वीस मिनिटं गप्प बस म्हणाली. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. वीस मिनिटं कोणाला नावं न ठेवता बसणं त्याला जड गेलं. सुरुवातीला त्याचं लक्ष दुर्बिणीच्या तिपाईकडेच होतं. एका पायाचा सांधा ढिला होता, कोणीतरी वॉशर न घालताच स्क्रू पिळला होता. मग हळूहळू त्याने मान वर केली.

ताईने दुर्बीण लावून बघितलं, बाजूला झाली, पुन्हा बघितलं. तिघांपैकी दोन दिसतात, म्हणाली. तिसरा नाही दिसत. त्याने विचारलं, का नाही. तिने हाताने सगळीकडे दाखवलं. गल्लीच्या पलीकडे, मैदानाच्या पलीकडे, नदीपर्यंत आणि नदीच्या पार, सगळं गाव दुधासारखं पांढरं धुमसत होतं. त्यात किती दिवे आहेत, त्याने विचारलं. नऊ हजारांवर, ती म्हणाली.

कात्रीने मनातल्या मनात शिडी लावून बघितली आणि सोडून दिली. तोंडात एक शिवी आली, पण नऊ हजारांना मिळून ती फारच थोडी पडली असती.

"इकडे ये," ताई म्हणाली. "मधला माझा. डावीकडचा आणि खालचा कधी बदलत नाहीत. माझा कोणाच्या जवळ जातो ते सांग."

त्याने डोळा लावला. आधी काहीच नव्हतं, मग काळ्यावर बारीक टाचण्या टोचल्यासारखे ठिपके आले. मधला फिकट, तांबूस. तो बराच वेळ बघत राहिला. काठ सरळ आहे की नाही हे बघताना जसा श्वास धरायचा, तसा धरून.

"डावीकडच्यापेक्षा मंद," तो म्हणाला. "खालच्यापेक्षा उजळ. मधोमध नाही पण. तीन भाग केले तर खालच्याकडून पहिल्या भागावर."

ताईने लाल कागद लावलेल्या विजेरीच्या उजेडात स्वतःचा आकडा बघितला. त्याने डोळा लावण्याआधीच ती तो मांडून मोकळी झाली होती.

"बरोबर आहे का?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पुन्हा बघ. पहिल्यांदा सगळ्यांचं बरोबर येतं."

त्याने पुन्हा डोळा लावला.